इनासच्या नऊ पिना

खरं सांगतो, इनास परेराचं चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. आजचं नाही, पंचवीस वर्षांचं दुखणं आहे. एकाच कारखान्यात, एकाच मशिनवर आम्ही दोघं. सुपरवायझर तो आधी झाला. स्कूटर त्याची आधी आली. आता आजोबापण तोच आधी होणार. मी डोंबिवलीतला, बापजाद्यांची जमीन असलेला माणूस, दारात गाडी आहे, कशाला काय कमी नाही. तरी हा ठाण्याहून फोन करून काही सांगायला लागला की माझा हात कपाळावर जातो.

रिटायर झाल्यावर तरी सुटका होईल, तर कुठलं काय! ठाण्याच्या मॉलमध्ये मंगळवारी दुपारी बोलिंग, म्हणजे जड चेंडू घरंगळवून दहा पिना पाडायचा खेळ, अर्ध्या दरात असतं. इनासने मला ओढून नेलं. जमता जमता आठ जण झालो आणि त्याची लीग झाली. प्रत्येकाने तीन गेम खेळायचे. कोणाचे किती गुण झाले, आम्ही त्यांना पिनाच म्हणतो, ते इनासची बायको जोसेफिन वहिनी लांबड्या वहीत लिहिणार. दोनशेचा गेम झाला की केक, एका चेंडूत दहाही पाडल्या की स्ट्राइक, तशा हजाराव्या स्ट्राइकला समोसे. आणि एकूण पन्नास हजार पिना जो पहिला पाडेल, त्याचं नाव हॉलमधल्या काळ्या फळीवर पांढऱ्या रंगाने लिहायचं. कायमचं. ते नाव दुसऱ्या नंबरवाल्याने आपल्या हाताने लिहायचं, हा नियम मीच काढलेला. इनास माझं नाव लिहितोय, हे मला तेव्हा डोळ्यांसमोर दिसत होतं ना!

तीन वर्षं झाली. आम्ही एका मंगळवारी साधारण सव्वातीनशे पिना पाडणारी माणसं. नवरात्राच्या आधीच्या मंगळवारी वहिनींनी आकडे वाचले. इनासला तीनशे एकोणसाठ हव्यात, मला चारशे अठ्ठ्याहत्तर. म्हणजे आज त्याचं होणं कठीण. पुढच्या मंगळवारी मात्र नक्की. आणि त्यानंतर दुसऱ्याच दिवशी नवरा-बायको तीन महिन्यांसाठी मेलबर्नला, त्यांच्या लेकीच्या, जोॲनच्या बाळंतपणाला.

पुढच्या मंगळवारी मी नसणार. माझी पोरगी रुपाली मोठ्या दुखण्यातून उठली, तेव्हापासून नवरात्राचे नऊ दिवस मी पायात काही घालत नाही. बोलिंगवाले बुटाशिवाय लेनवर पाऊल टाकू देत नाहीत. त्यामुळे तीन नवरात्रांत माझे चार मंगळवार गेलेले. चार मंगळवारांच्या तेराशे पिना! हिशोब डोक्यात बसला आणि डोकं फिरलं.

"पुढच्या मंगळवारी लीग बंद ठेवा," मी म्हटलं.

आमच्यातली सगळ्यात तरुण दर्शना चेंडू पुसत होती. ती म्हणाली, "का हो काका? तुमचा उपास, आम्हाला का उपाशी ठेवताय?"

"का म्हणजे? दरवर्षी मी तिकडे अनवाणी फिरतो आणि हा इथे बसून माझ्या पुढे जातो! पन्नास हजार म्हणे! त्यातले तेराशे माझ्या देवीच्या नावावर लुटलेत यानं!"

बोलून गेलो. इनास बुटाची नाडी बांधत होता, त्याने मान वर केली नाही. जोसेफिन वहिनी मात्र उठल्या. वहीची मागची पानं फडाफडा उलटली आणि माझ्या पुढ्यात आपटली.

"वाचा, रघुभाऊ. मोठ्याने वाचा."

ते नवरात्राचं पान मी कधी बघितलंच नव्हतं. मी नसायचो, तर बघणार कशाला? सगळ्यांच्या रकान्यात आकडे होते. माझ्या रकान्यात रेघ. इनासच्याही रकान्यात रेघ. दुसऱ्या वर्षीही तसंच. तिसऱ्या वर्षीही. चारही मंगळवार.

"येतात, चहा पितात, घरी जातात," वहिनी म्हणाल्या. "मी म्हणते खेळा, तर म्हणतात, रघू अनवाणी असताना पुढे गेलो तर ते काय पुढे जाणं झालं?"

"जोसेफिन, पुरे गं," इनास म्हणाला. "रघू, पुढच्या मंगळवारी पण मी खेळणार नाही. तू काळजी करू नकोस."

अंगावर कोणी गरम तेल ओतावं तसं झालं मला. पंचवीस वर्षं त्याच्यावर चिडायला कारण शोधत होतो, एक सापडलेलं, तेपण गेलं. त्या दिवशी माझे जेमतेम तीनशे दहा झाले. इनासचे तीनशे पन्नास. पन्नास हजाराला नऊ पिना कमी!

घरी येऊन सगुणाला सगळं सांगितलं. माझी बायको भाजी निवडत होती. म्हणाली, "मग बरंच झालं की. तो तिकडे नातवंड खेळवेल, तुम्ही इकडे पन्नास हजार करा. फळीवर तुमचंच नाव."

"हो ना," मी म्हटलं.

"मग तोंड का एरंडेल प्यायल्यासारखं?"

आठवडाभर मनात फळीवर माझं नाव लिहून बघितलं. दरवेळी ते लिहायला इनास तिथे नव्हताच.

पुढच्या मंगळवारी टेंभी नाक्याच्या देवीचं दर्शन घेतलं आणि तसाच अनवाणी मॉलमध्ये गेलो. सिक्युरिटीवाल्याने पायांकडे बघितलं, कपाळावरचं कुंकू बघितलं आणि सोडलं. इनास चपला घालून कोपऱ्यात चहा पीत बसलेला.

"बूट घाल," मी म्हटलं.

"तू अनवाणी आहेस."

"मी खेळायला नाही, बघायला आलोय. बघायला बूट लागत नाहीत. घाल म्हणतो ना! का मीच घालू तुझ्या पायात?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग बूट घातले.

आता मी देवमाणूस झालो असं समजू नका. पहिला चेंडू सुटला तेव्हा मी मनात म्हटलं, जा कडेच्या गटारात. गेला! दुसऱ्याने चार पडल्या. तिसऱ्याने आणखी चार. पन्नास हजाराला एक राहिली. मला वाटलं, पोटात कळ येऊन बसेल हा, लाइट जाईल, काहीतरी होईल. चौथा चेंडू गेला आणि उभ्या राहिलेल्या सहाच्या सहा पडल्या. सगळे ओरडले. टाळ्या वाजवताना माझे तळहात दुखले, इतक्या जोरात वाजवल्या.

दर्शनाने ब्रश आणि रंग आणून दिला. अक्षर जरा वाकडं काढावं असं वाटलं, खोटं कशाला बोलू. स्टुलावर चढून लिहिलं: इनास परेरा, पन्नास हजार. खाली उतरलो तर वहिनी वही भरत होत्या. माझ्या रकान्यात रेघ मारली. इनासच्या रकान्यात नवरात्रातला पहिला आकडा लिहिला. तो बघून पोटात दुखलंच. पण फळीवरचं अक्षर मी सरळ काढलेलं.