शकुबाईची मागची भिंत

घोटीच्या वर डोंगरात उंबरमाळ नावाचं गाव आहे. मोजून बारा घरं, सगळी काळ्या दगडाची, सागाच्या नक्षीदार खांबांची. जपायच्या जुन्या घरांच्या सरकारी यादीत त्यांची नोंद करायला नाशिकहून संजना मॅडम आल्या, तेव्हा गावाला कोण आनंद झाला! एका शकुबाईला सोडून.

तिच्या मुलाने, अमितने, सातपूरहून संडासाचं भांडं आणून टाकलं होतं. मागची भिंत फोडून दार काढायचं आणि पलीकडे संडास बांधायचा. एका अंगाला शेजारी, दुसऱ्या अंगाला कडा, म्हणजे दुसरी जागाच नाही. म्हातारीचे गुडघे पार गेलेले, गावाखालच्या निसरड्या उतारावर रोज जीव मुठीत धरून जायचं. पण यादीतल्या घराचा दगडही हलवायचा नाही, असं ग्रामसेवक बजावून गेला होता. तोवर भांड्यात कोंबडी अंडी घालत होती.

मॅडमनी भिंतीवरून हात फिरवला. "आजी, दोनशे वर्षांची आहे ही. चुनासुद्धा नाही, नुसता दगडावर दगड. हिला मी धक्का लागू देणार नाही."

"दोनशे वर्सं उभी ऱ्हायली त्यात काय नवल," शकुबाई म्हणाली. "तिला कुठं जावं लागत नाय."

मॅडम गोड हसल्या आणि फोटो काढू लागल्या. शकुबाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आता मॅडमची एक चूक झाली होती, शहरातलं माणूसच करील अशी. पहिल्याच घरात त्यांनी चहा घेतला होता. उंबरमाळात एका घरचा घेतला की बाराही घरचा घ्यावा लागतो, नाहीतर राहिलेलं घर पुढच्या दिवाळीपर्यंत बोलत नाही. शकुबाईचं घर बारावं. देवाशपथ सांगतो, तिने मुद्दाम काही केलं नाही. तिचा पेला जरा मोठा होता, एवढंच.

तो संपता संपता मॅडमचा चेहरा कसनुसा झाला. "आजी, इथे... कुठे जायचं?"

शकुबाईने उताराकडे बोट केलं. हातात टमरेल दिलं, वर आपली काठीही दिली.

पाऊण तासाने मॅडम वर आल्या. चपलेचा बंद तुटलेला, कोपराला चिखल, ओढणीला काटे. शकुबाईला पोरीची कीव आली आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच.

"तुम्ही रोज जाता?"

"रोज. पावसात दोनदा पडले. दुसऱ्या बारीला उचलायला चार बाप्ये आले. लय लाज वाटली बाई."

मॅडम पिशवीतून खडू काढून भिंतीवर दाराची चौकट आखू लागल्या.

"मॅडम, ही भिंत यादीत आहे," त्यांचा मदतनीस यादव चाचरत म्हणाला.

"राहू दे यादीत. दारासकट."

शकुबाई जवळ आली, खडूच्या रेघांकडे बघत उभी राहिली.

"जरा रुंद काढ गं," ती म्हणाली. "पुढं मला धरून न्यायला दुसरं माणूस लागंल."