जीभ न वाजवण्याची अट

वहिनी घोड्यावर बसली की सगळे तिच्या पाठीकडे बघतात. बघण्यासारखी आहेच, मी नाही कुठं म्हणते? सरळ, सैल, डोक्यावर पाण्याचा ग्लास ठेवला तरी थेंब सांडायचा नाही. माझीही पाठ सरळच आहे, पण माझ्या पाठीबद्दल बाबांनी पंधरा वर्षांत चकार शब्द काढलेला नाही.

तबेला आमचा घरचा. अकरा घोडे, एक रिंगण, बाबा, दादा, मी आणि चार वर्षांपूर्वी दादाशी लग्न करून आलेली ही वहिनी. आली तेव्हा घोड्याची लाथ कुठून बसते एवढंही तिला ठाऊक नव्हतं. रिकिबीत पाय कसा घालायचा ते तिला मी शिकवलं. माझीच अक्कल, दुसरं काय!

आणि परवा बाबा जेवताना म्हणतात, "यंदा स्पर्धेला काजळीला पाठवू. तिच्यावर कोण बसेल ते बघू."

बघू? काजळी माझी घोडी. तिला जन्म देऊन तिची आई दुसऱ्याच दिवशी गेली, तेव्हा दर दोन तासांनी उठून बाटलीनं दूध पाजलं ते मी. तिला ड्रेसाज शिकवलं तेही मीच. रिंगणाच्या कडेनं अक्षरांच्या पाट्या लावलेल्या असतात. या पाटीपाशी दुडकी, त्या पाटीपाशी कॅन्टर म्हणजे संथ दौड, मधेच गोल फेरी, असा ठरलेला क्रम घोड्याकडून करून घ्यायचा, आणि बघणाऱ्याला मात्र वाटलं पाहिजे की घोडा आपल्या मर्जीनं करतोय. माझी सहा वर्षं गेली त्यात. आता म्हणे बघू!

"बघायचंच असेल तर नियमानं बघा," मी म्हटलं. "स्पर्धेत स्वाराला बोलायची बंदी असते. तोंडातून आवाज निघाला की दर वेळी दोन गुण कापतात. आपणही कापायचे."

हे मी उगाच नाही म्हटलं. घोडीवर बसल्यावर वहिनीची टकळी थांबत नाही. "चल गं बाई, शाब्बास गं, हळू गं माझी राणी," अखंड चालू. तोंड मिटायला लावलं की हिची कशी फजिती होते ते मला बघायचं होतं. हो, बघायचं होतं. खोटं कशाला बोलू?

"चालेल," बाबा म्हणाले. वहिनीचा चेहरा उतरला. मला त्या दिवशी दोन घास जास्तच गेले.

रविवारी सकाळी घोडेस्वारी शिकायला येणाऱ्या मुलांचे धडे संपल्यावर बाबा रिंगणाच्या टोकाला खुर्ची टाकून बसले. मांडीवर कागद, हातात पेन्सिल. पहिली वहिनी.

तिनं ओठ असे आवळले होते की जणू तोंडात औषध धरलंय. बडबड ऐकू येईना म्हणून काजळी आधी जरा बावचळली, पहिली फेरी गोल न होता बटाट्यासारखी झाली. मी खूश. पण मग घोडी शांत झाली. पाटी आली की दुडकी, पाटी आली की कॅन्टर. वहिनीचा पाय हलतोय की नाही तेसुद्धा दिसत नव्हतं. मी कुंपण धरून देवाचा धावा करत होते की कुठं तरी चुकू दे. देव त्या दिवशी दुसऱ्या कामात असावा.

उतरल्या उतरल्या वहिनीनं मोठा श्वास सोडला. "बाई गं, न बोलता जीव जायची वेळ आली."

मग मी. आणि काय चालली माझी काजळी! एक फेरी वाकडी नाही, एक पाऊल उशिरा नाही. शेवटी मधोमध येऊन उभी राहिली तेव्हा मी बाबांकडे बघून मान झुकवली. मनात म्हटलं, आता बोला.

बाबा कागदाकडे बघत होते. "सतरा," ते म्हणाले.

"सतरा काय?"

"सतरा वेळा जीभ वाजवलीस. चक् चक्. प्रत्येक पाटीच्या आधी."

"मी? अहो, मी ओठसुद्धा हलवला नाही!"

"ओठ कशाला हलेल? जीभ हलते. गुडघे गेलेत माझे, कान नाही गेले."

मी वहिनीकडे वळले. "तू कुंपणापाशीच होतीस ना? सांग, वाजवली मी जीभ?"

एक "हो" म्हणाली असती तर घोडी तिची होती. तिनं बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाही ताई. मला तरी काही ऐकू आलं नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हो म्हणाली असती तर निदान भांडता आलं असतं. ही माझ्यावर दया करत होती, तीही बाबांच्या समोर.

"मग पुन्हा कर," बाबा म्हणाले.

या वेळी मी जीभ टाळूला चिकटवली आणि दात आवळले. दुडकीची पाटी आली. मी पोटऱ्या दाबल्या, मुलांना रोज शिकवते तशाच. काजळीचा एक कान मागे वळला. मी आणखी दाबल्या. ती थांबलीच. हट्ट नव्हता तो. हुकूम अजून आलेला नाही असं तिला वाटत होतं, आणि ती शहाण्यासारखी वाट बघत होती. बाटलीनं वाढवलेलं जनावर माझ्याखाली उभं होतं आणि मला त्याला साधं "चल" सांगता येत नव्हतं. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात कुंपणाकडून आवाज आला, "चक् चक्." काजळी लगेच दुडकीनं निघाली.

मी वळून बघितलं. वहिनीनं तोंडावर हात ठेवला होता. "चुकून गेलं ताई. तुमची अवस्था बघवेना."

मी घोडी तिच्यापाशी नेली. "म्हणजे तुला माहीत होतं."

"पहिल्या वर्षापासून. तुम्हाला कसं सांगणार?" ती खालच्या आवाजात म्हणाली. "स्पर्धेत तुमचे गुण जातील म्हणून दुपारी, तुम्ही मुलांना शिकवत असायचात तेव्हा, मी तिला पायाची सवय लावत होते. तुमच्यासाठीच हो. पण तिला माझाच पाय कळला."

मी उतरले आणि लगाम तिच्या हातात दिला. बाबांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. वहिनी जिंकावी असं मला अजिबात वाटत नाही. पण त्या दिवशी पहाटे काजळीला खरारा मीच करणार आहे, आणि तो होईपर्यंत वहिनीला तिच्या अंगाला बोटसुद्धा लावू देणार नाही.