वायरवाल्या भूमीचं रील

पाचोऱ्याच्या आयटीआयत त्या दिवशी करिअर मार्गदर्शन होतं. मार्गदर्शन कसलं, वाल्मीक सरांचं वार्षिक गाऱ्हाणंच ते! इलेक्ट्रिशियनच्या पोरापोरींना त्यांनी विचारलं, "पास झाल्यावर काय करणार?" निम्मा वर्ग एका सुरात म्हणाला, "इन्फ्लुएन्सर!" सरांनी कपाळाला हात लावला.

"अरे, सगळेच दाखवायला लागले तर बघायला कोण उरेल?"

वर्ग खदखदून हसला. भूमिका मात्र हसली नाही. बाकीचे नुसत्या गप्पा मारत होते, तिचं पेज खरंच चाललं होतं. 'वायरवाली भूमी' म्हणून लोक तिला ओळखायला लागले होते. मोटरीच्या वायरी स्टार्टरला कशा जोडायच्या, याचं तिचं रील तर जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्यांनी एकमेकांना पाठवून पाठवून गावोगाव नेलं होतं. पोरीच्या डोक्यात हवा जायला आणखी काय लागतं? परीक्षा तोंडावर आलेली आणि हिला वाटायला लागलं, इतके लोक आपलं ऐकतात, त्या सर्टिफिकेटचं काय लोणचं घालायचंय!

ती उठली आणि बेधडक म्हणाली, "सर, मी आयटीआय सोडतेय. आता व्हिडिओच करणार."

सर काही बोलणार, तेवढ्यात तिचा फोन वाजला. कुंदामावशीचा होता. गिरणाकाठी केळीची बाग एकटीने सांभाळणारी बाई. मावसा सुरतेला कामाला. मावशीचा आवाज असा, की स्पीकर लावायची गरजच नाही.

"भूमे, मोटर जयी गयी वं! तुना व्हिडिओ देखीसन वायरी जोड्यात, तर नुसती गुरगुर करस नि करंगळीएवढी धार येस! मी बंदच करी टाकी!"

अख्ख्या वर्गाने ऐकलं. मोटर जळाली, तीही भूमिकाचं रील बघून! उन्हाळ्याचे दिवस, घड बाहेर पडलेले, त्यात मोटर कालच दुरुस्त होऊन बोअरमध्ये उतरवलेली. पाण्यावाचून बाग गेली तर? मावशीला कुठल्या तोंडाने भेटायचं?

चांगली अद्दल घडली, असं सर म्हणतील म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. सरांनी टेबलावरची गाडीची किल्ली उचलली. "बस मागे. शेतातली लाईन जायच्या आत पोचायला पाहिजे."

वाटभर तिने मनातल्या मनात शंभर वेळा वायरी जोडून बघितल्या. कुठेच चूक सापडेना, आणि त्यानेच जीव जास्त घाबरा झाला.

मावशी स्टार्टरच्या पेटीशी उभीच होती. सरांनी मेन बंद केला, पेटी उघडली. मोटरीकडून आलेल्या तीन वायरी, लाल, पिवळी नि निळी. रीलमध्ये ज्या रंगाची वायर ज्या जागी दिसली, तिथेच मावशीने ती लावली होती.

"दाखव ते रील," सर म्हणाले.

भूमिकाने फोन काढला. रीलमध्ये ती ऐटीत बोलत होती, आणि तिच्या मागे वर्कशॉपची पाटी होती. पाटीवरची अक्षरं उलटी! तिने चटकन तोंडावर हात ठेवला.

"सर! मी सेल्फी कॅमेऱ्याने काढलं होतं. आरशासारखं झालंय. माझी डावीकडची वायर बघणाऱ्याला उजवीकडे दिसते."

म्हणजे मावशीच्या कडेच्या दोन वायरींची अदलाबदल झाली होती. आणि थ्री फेजच्या मोटरीच्या दोन वायरी बदलल्या की ती उलटी फिरते. पाणी धड वर येत नाही, पण लगेच बंद केली तर जळतही नाही.

"मग बघत काय बसलीस?" सर म्हणाले. "बदल."

वायरी तिनेच बदलल्या. पेटी लावली, मेन चालू केला, मावशीने हिरवं बटण दाबलं. आधी पाइपातून हवा फुसफुसली. मग भसकन पाणी आलं, मनगटाएवढं जाड.

"पानी उनं वं माय, पानी उनं!" मावशी ओरडली. भूमिका तशीच चपलांसकट पाण्यात जाऊन उभी राहिली.

"आता रीलचं काय?" सरांनी विचारलं.

"काढून टाकते."

"आणि ज्यांनी बघून आधीच वायरी जोडल्यात, त्यांचं काय?"

"सर, लोक हसतील. फजिती होईल."

"होऊ दे. आण तो फोन इकडे." आणि ज्या माणसाला रील म्हटलं की तिडीक यायची, तो मागचा कॅमेरा लावून उन्हात उभा राहिला. भूमिकाने कॅमेऱ्यात बघून सांगितलं, "मी वायरवाली भूमी. माझ्या आधीच्या रीलमध्ये चूक आहे. ते बघून वायरी जोडल्या असतील आणि पाणी कमी येत असेल, तर घाबरू नका. मेन बंद करा, कडेच्या दोन वायरी बदला. जमत नसेल तर वायरमनला बोलवा. चूक माझी आहे."

रील लगेच टाकलं. मावशीने बांधावर चहा दिला, तोवर कमेंटमध्ये लोक हसायलाही लागले होते. 'आधी शिकून घे ताई', 'उलटी भूमी'. ती वाचत होती आणि कान लाल होत होते. मग संध्याकाळी दुसरा चहा चालू असताना शिरपूरहून कुणा निंबाभाऊंची कमेंट आली, 'ताई, बरं झालं सांगितलं. मोटर जळाली समजून उद्या बोअरमधून वर काढणार होतो. वायरमनला बोलावून वायरी बदलल्या. पाणी आलं.'

वाचता वाचता भूमिकाला रडू फुटलं.

"आते कसाले रडस वं? पानी तर उनं ना!" मावशी म्हणाली.

"त्यांचं पण आलं, मावशी."

सरांनी रिकामी बशी खाली ठेवली. "मग? आयटीआय सोडायचं पक्कं ना?"

भूमिकाने ओढणीने नाक पुसलं. "आता कसं सोडू, सर? ते निंबाभाऊ उद्या आणखी काहीतरी विचारतील."