पित्ताची गोळी

पंधरा ऑगस्ट ब्याऐंशीला उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यातून निघून लातूर जिल्ह्यात गेलं, आणि त्याच दिवशी रत्नम्माला पोरगं झालं. पोराचा वरचा ओठ पार नाकपुडीपर्यंत दुभंगलेला. चौकात पेढे वाटणारे म्हणाले, "जिल्हा फुटला, ओठबी फुटला." रत्नम्माच्या नवऱ्याला, दोरखंडाचं दुकान चालवणाऱ्या वीरण्णाला, हसावं की भांडावं कळेना. त्यानं पेढा खाऊन टाकला.

सासू गौरम्मानं निदान जागच्या जागी केलं. "पौषाच्या पुनवेला गिराण होतं. हिनं कायतरी चिरलं असंल."

"अव्वा, गिराण रात्री दीडला होतं. दीडला वांगी कोण चिरतंय?"

"मग झोपेत चिरली असशील."

खरं सांगण्याची सोय नव्हती. रत्नम्माला बाराव्या वर्षापासून फेफरं यायचं. देगलूरकडच्या तिच्या बापानं, चन्नबसप्पानं, लग्न जमवताना सोनं दाखवलं, शेत दाखवलं, तेवढं हे झाकलं. पाठवणीच्या वेळी बजावलं, "गोळी रोज घे. कुणी पुसलं तर पित्ताची म्हण." गोळी घेतली की फेफरं सहसा यायचं नाही. म्हणून पोटुशी असतानाही तिनं एक दिवस चुकवला नव्हता.

पोराला अंगावर ओढता येईना. रत्नम्मा दूध काढून बोंडल्यानं थेंब थेंब पाजायची. नाव वीरभद्र ठेवलं. गल्ली त्याला कलेक्टर म्हणायची. उदगीरच्या डॉक्टरनं ओठ शिवून घ्या म्हणून सांगितलं होतं, पण गौरम्मा नवस करत फिरली. "देवानं फाडलं, देवच शिवंल."

"देवानं शिवणकाम कधी केलंय, अव्वा?" रत्नम्मा म्हणाली आणि दोन दिवस घरात अबोला झाला.

तीन वर्षं अशीच गेली. मग दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, तसा पोहऱ्याला दोर कुणाला लागेना. वीरण्णा रिकाम्या गल्ल्यावर बसून कंटाळला. लातूरला ओठाच्या ऑपरेशनचं शिबिर आहे असं कळताच त्यानं कुलूप लावलं. "दुकानात माशाबी येईनात. चला."

शिबिरातल्या डॉक्टरीणबाईंनी पोराला तपासलं आणि विचारलं, "गरोदरपणी काही औषध चालू होतं?"

रत्नम्मा तोंड उघडायच्या आत गौरम्मा बोलली, "काय न्हाई. पित्ताची गोळी तेवढी. मीबी हिच्या डबीतल्या घेते की, चोरून. लई गुणाची. घेतली की अशी चक्कर येती, पित्त जागच्या जागी उतरतंय."

डॉक्टरीणबाईंनी डबी मागितली. गोळ्या पाहून आधी सासूकडे वळल्या. "आजी, तुम्ही ह्या आजपासून बंद." मग सुनेला म्हणाल्या, "फेफरं येतं?"

रत्नम्मानं मांडीवरच्या पोराकडे पाहिलं. "हाव."

"या गोळीनं कधी कधी बाळाचा ओठ असा राहतो. याचा त्यानंच राहिला असं छातीठोक सांगता येणार नाही. पण गोळी सोडली असतीस अन् फेफरं येऊन पडली असतीस, तर दोघंही गेला असतात. आताही मनानं सोडू नकोस. पुढचं मूल हवं असेल तर दिवस जायच्या आधी ये. कुठली गोळी, किती, ते बघून ठरवू."

रत्नम्मा पदरात तोंड घालून रडायला लागली. "माझ्याच हातानं..." एवढंच बोलली.

गौरम्मा मात्र भलत्याच दुःखात. "म्हंजे गिराणाचं कायच न्हाई?"

"काहीच नाही, आजी."

"तीन वर्षं झाली, अख्ख्या उदगीरला सांगत फिरले मी!" मग ती लेकावर घसरली. "तुला ठावं होतं का रे?"

"लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात. झोपेत आलं होतं हिला. हिचं डोकं धरून बसलो."

रत्नम्मानं झटकन मान वर केली. "मग बोलला का न्हाई?"

"सकाळी तू पित्त म्हणालीस," वीरण्णा म्हणाला. "म्हटलं, पित्त तर पित्त."

पोराचा ओठ शिवला गेला. भेटायला आलेल्या चन्नबसप्पाला गौरम्मानं सगळ्या वॉर्डासमोर धुतलं. "सोनं दाखवायला दोन हात होते, सांगायला तोंड नव्हतं व्हय?" तिचं बोलून झालं तेव्हा तिनं त्याला भाकरी वाढली.

पुढच्या खेपेला रत्नम्मा आधी डॉक्टरीणबाईंकडे गेली. गोळी कमी झाली. सातव्या महिन्यात, भरदुपारी, एकदा फेफरं आलंच. गौरम्मानं तिला कुशीवर वळवलं, डोकं मांडीवर घेतलं आणि अंग सैल पडेपर्यंत एकेका देवाचं नाव घेऊन शिव्या घातल्या. कुलदैवतालाही सोडलं नाही.

मुलगी झाली. ओठ अखंड होता. रत्नम्मानं तरी बोट फिरवून दोनदा पाहिला.