खंडेनवमीचा पेंटियम

१९९३ साल. जगात पेंटियम नावाची चिप आली आणि दसऱ्याच्या तोंडावर त्यातली एक वागळे इस्टेटमधल्या काळुराम भोईरांच्या गाळ्यातही आली. तिथे तोवर आधीच्या ४८६ चिपचे कॉम्प्युटर जुळवायचे.

"४८६ आता म्हातारी झाली, बायांनो," काळुरामशेठ म्हणाले.

"होळीला तर तिचीच वरात काढत होतात!" जुनी कामगार गोदा म्हणाली.

चेंदणी कोळीवाड्यातली सगुणा खाली मान घालून हसली. ती वायरी जोडायची. सहा महिने हंगामी होती. दसरा झाला की कायम करतो, असं शेठनी सांगितलं होतं. घरात दर महिन्याला पगार आणणारी ती पहिलीच.

खंडेनवमीला अवजारं मांडायचं काम तिच्याकडे आलं. गोदा ठाकुर्लीच्या बौद्ध वस्तीतली. ती पूजेला उभी राहायची नाही, पेढे मात्र दोन घ्यायची. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर मांडून झाल्यावर सगुणाने मधोमध चिप ठेवली. एका बाजूला नुसतं नाव, दुसऱ्या बाजूला पावणेतीनशे सोनेरी सुया. देवाचं तोंड सोनेरीच असणार, म्हणून तिने सुया वर केल्या आणि ओलं हळदकुंकू सढळ हाताने वाहिलं.

"अगं बये!" शेठ किंचाळले. "चार वाजता गिऱ्हाईक येतंय! दुसरी चिप नाही माझ्याकडे!"

सगुणाने चिप उचलली. "मी साफ करते, शेठ. नाही चालली तर उद्यापासून येत नाही."

स्पिरिट आणि मऊ ब्रश घेऊन ती ओळीओळीने सुया पुसत बसली. दोन वाकल्या होत्या. लहानपणापासून जाळी विणलेली बोटं. तिने त्या टाचणीने अलगद सरळ केल्या.

"हळू गं, देवाचे दात पडतील," भिंग धरून गोदा म्हणाली.

पावणेचारला शेठनी चिप बसवून बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळाच. मग त्यावर आकडे धावू लागले.

"पावला!" गोदा म्हणाली.

शेठनी कपाळ पुसलं. "तू कायम झालीस. पण पुढच्या वर्षी फक्त पेढे वाटायचे."

गाळा अठ्ठ्याण्णवला बंद झाला. शेठनी कल्याणला खानावळ काढली; स्वतःच जेवून अंगाने सुटले. गोदा ठाकुर्लीला नातवंडांत रमली. सगुणा मुलुंडच्या एका कंपनीत मुलाखतीला गेली. अनुभव विचारला तेव्हा ती ताठ बसून म्हणाली, "पाच वर्षं, कायम." दुसऱ्या दिवशी कामावर रुजू झाली.