मस्तुराच्या तोंडातलं सोनं

मी ब्रिज बोलतोय. नदीवरचा नव्हे, तोंडातला. एक दात पडला की त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांना धरून मध्ये जो खोटा दात टांगतात ना, तो मी. तीन दातांचा, आणि सगळाच्या सगळा सोन्याचा. सध्या मुक्काम शिवणाच्या डब्यात आहे, बटणांच्या संगतीत. चार-चार भोकं पडलेली बटणं, पण ऐट अशी की मीच त्यांच्याकडे पाहुणा आलोय.

जन्म माझा उझबेकिस्तानातल्या कोकंदचा. त्याआधी मी नाणं होतो, रशियाच्या जुन्या बादशहाच्या काळातलं. कोण्या आजेसासूने मला रजईच्या कापसात शिवून टाकलं आणि तीन पिढ्या माझ्यावर घोरल्या. एकीने तरी उसवून बघावं की नाही? माणसांना सोनं नुसतं आहे एवढ्यानेच झोप लागते.

मग त्या घरच्या मस्तुराने जर्दाळूची बी दाताने फोडायला घेतली. हातोडी शेजारीच पडली होती. पण चुलत बहिणींची पैज लागली होती आणि पैजेपुढे अक्कल कोण वापरतो? बी फुटली नाही, दात फुटला. वरचा, सुळ्याच्या मागचा, हसलं की नेमका दिसणारा.

तिची आई हनीफा कपाळावर हात मारून बसली. "मागणी घालायला बायका यायच्यात आणि तू तोंडाला खिडकी पाडून घेतलीस?"

"मग खिडकीला सोन्याचं दार लाव ना, आई," मस्तुरा म्हणाली, आणि तशीच, भोकासकट, खदखदून हसली.

त्या हसण्यापायी रजई उसवली. गल्लीच्या टोकाला पिनहास उस्ता दातांचं काम करायचा. त्याने आरसा घालून पाहिलं. "जागा भरतो, हनीफा आपा. पण दोन्ही शेजारचे दात घासावे लागतील. चांगले आहेत हो बिचारे."

"चांगले आहेत ना? मग सोसतील," हनीफा म्हणाली.

असा त्या घरचा न्याय. एकाच्या रिकाम्या जागेसाठी दोघा धडधाकट शेजाऱ्यांना घासून खुंट केलं. मला वितळवलं, ओतलं, घासून चकचकीत केलं आणि त्या दोन खुंटांवर टोपीसारखं चढवून खाली पांढरं सिमेंट भरलं. नाण्यावरचा बादशहाचा चेहरा वितळला तेव्हा कोणाला हळहळ वाटली नाही. हनीफाने लांबून बघितलं, जवळून बघितलं आणि म्हणाली, "झाकलं."

मागणी घालायला मुलाची आई, रिसालत नावाची बाई आली. तिने मुलीचं शिवण पाहिलं नाही, नान कशी भाजते ते पाहिलं नाही. मस्तुरा चहा देताना जरा हसली, तेवढ्यात बाईसाहेबांना मी दिसलो. "सोन्याचे दात, म्हणजे खात्यापित्या घरची," असं तिने तिथेच ठरवलं. मी एका फुटक्या बीची निशाणी, आणि लोकांनी मला घराण्याची श्रीमंती समजून घेतलं.

पुढची गंमत तर ऐका. लग्नानंतर नवी नवरी दारात वाकून सगळ्यांना सलाम करते. नजर खाली, तोंड बंद. हा दंडक रिसालतनेच घालून दिला होता. आणि शेजारणी जमल्या तशी हीच बाई सुनेच्या कानाशी लागली, "जरा हस ना गं, दात दिसू देत."

"हसायचं नाही म्हणालात ना, सासूबाई?"

"हसू नकोस. नुसते दाखव."

मस्तुराने ओठ एका बाजूला वर केले. घोडा विकायला आणावा तसं ते दिसलं. बायकांनी "वा वा" केलं. मला शरम वाटली, पण सोनं लाजलं तरी चकाकतंच.

एक सांगतो, मस्तुराने मला बसून खायला घातलं नाही. ती रजया शिवायची आणि दर टाक्याला धागा माझ्याने तोडायची. आक्रोड, खडीसाखर, शिळी नान, सगळं माझ्या अंगावर. नवरा गेला, सासू गेली, मी चाललो. आणि तिचं हसणं! होसियत शेजारीण भिंतीपलीकडून ओरडायची, "मस्तुरा, तोंड मीट, माझ्या कोंबड्यांना उजाडलंसं वाटतंय." मग दोघी हसायच्या. होसियतचे पुढचे सगळे सोन्याचे.

माझी तक्रार वेगळीच आहे. वरून मला रोज राखेने घासायची, पण माझ्या खाली काय चाललंय ते एकदा तरी बघितलं? दोरा घालून साफ केलं? नाव नको. सिमेंट विरघळलं, खुंट किडले, मी हलायला लागलो. मस्तुराला कळत होतं. पण दाताच्या डॉक्टरकडे गेलं की तो मला काढा म्हणणार, आणि मग मुलीचंच खरं होणार.

मुलगी म्हणजे नफासत. ताश्कंदला शिकली, तिथेच औषधांच्या दुकानात कामाला लागली आणि तिथलाच मुलगा पसंत करून आली. मुलाची आई जुमरद घर बघायला येणार असं ठरलं, तशी पोरगी आईच्या मागे लागली.

"आई, ते सोनं काढून टाक. पांढरे बसवून घे. तिकडे आता कोणी नाही घालत. खेडवळ म्हणतात."

"याच्यावर माझं लग्न झालं."

"आणि याच्यावर माझं मोडेल."

काल ज्या सोन्याने सून मिळत होती, त्याच सोन्याने आज सून नाकारतात. सोनं तेच, तोंडही तेच. मस्तुरा तेव्हापासून हसताना रुमालाचं टोक तोंडावर धरायला लागली. मग हसणंच कमी केलं. होसियतच्या कोंबड्यांना उजाडेनासं झालं. पोरीचं लग्न आपल्या तोंडापायी मोडू नये, एवढी एकच धास्ती तिने धरली होती.

जुमरद आली ती नेमकी नवरोजला, वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणाला. अंगणात सुमलकची कढई चढलेली. मोड आलेल्या गव्हाचा रस, पीठ, तेल. बायका आळीपाळीने रात्रभर ढवळतात आणि खाली लागू नये म्हणून त्यात धुतलेले खडे टाकतात. सकाळी वाटताना ज्याच्या वाटीत खडा येईल त्याने तो तोंडात धरायचा, डोळे मिटायचे आणि मनातलं मागायचं. दगडाकडे मागतात. घरातल्या माणसाकडे कोणी तोंड उघडून मागत नाही.

पाहुणी यायच्या आधी मस्तुराने गोडी बघायला पळी तोंडाला लावली. सुमलक चिकट. मी खुंटांवरून सुटलो आणि पळीबरोबर थेट कढईत. तिने जीभ फिरवली, जागा मोकळी. कढईत डोकावली, तर तपकिरी रबरबाटात काय दिसणार? इतक्यात दार वाजलं.

तिने ओठ मिटले ते मिटलेच. जुमरद बोलत होती, ही मान हलवत होती. "प्रवास नीट झाला ना?" असं नफासतनेच विचारलं. जुमरद, तोंडात एकसारखे पांढरे दात, साखरेच्या चौकोनांसारखे, नफासतच्या कानात म्हणाली, "किती शालीन आहेत तुझ्या आई. एक शब्द जास्त नाही."

नफासत खुलली. तिला वाटलं, सोनं दिसू नये म्हणूनच आईने तोंड मिटलंय.

वाट्या भरल्या. मी कुठे आलो असेन सांगा. जुमरदने चमचा तोंडात घातला, दातांना काही कठीण लागलं. "मला खडा आला," म्हणून ती लहान मुलीसारखी हरखली. गाल फुगवून, डोळे मिटून ती मागत बसली. बराच वेळ मागत होती. मग तिने मला जिभेने चाटून स्वच्छ केलं आणि तळहातावर काढलं.

ऊन माझ्यावर पडलं.

"हा खडा नाही," ती म्हणाली.

नफासतने मला ओळखलं. लहानपणापासून मीच तर तिला आईच्या हसण्यात दिसायचो. आणि ती पटकन म्हणाली, "शेजारणीचं असेल कोणाचं तरी."

"ए पोरी, माझे मोजून घे," म्हणत होसियतने जबडा उघडला. "माझे जागच्या जागी आहेत." मग दुसरीने उघडला, तिसरीने उघडला. सगळं अंगण दात विचकून उभं. बंद तोंड एकच राहिलं.

मस्तुराने मुलीकडे पाहिलं. रागाने नाही, शिवलेल्या रजईत चुकलेला टाका बघावा तशी. मग तोंड उघडलं.

"माझं आहे ते. आणा, धुऊन ठेवते." दातांतून वारा गेला, शब्दांना शीळ आली.

नफासत पांढरी पडली. जुमरद माझ्याकडे बघतेय, मस्तुराच्या भोकाकडे बघतेय. "पण मी तर मागून बसले," ती म्हणाली.

कढईपाशी ओयशा आजी बसली होती, त्या गल्लीत सर्वांत म्हातारी. "काय मागितलंस?"

"सांगू नये म्हणतात ना?"

"खडा असता तर नसतं सांगायचं. दात निघाला की सांगावं लागतं." नियम आजीने जागच्या जागी केला.

जुमरद घुटमळली. "मागितलं, की या घरची मुलगी माझ्या घरी यावी. आणि आईसारखीच गप्प असावी."

मस्तुराने थांबायचा प्रयत्न केला हो. रुमालाचं टोक उचललंही. पण होसियतने तिच्याकडे बघितलं आणि मग बांधच फुटला. मस्तुरा हसली, भोकासकट, काळ्या खुंटांसकट, पोट धरून, जर्दाळूच्या बीच्या दिवशी हसली होती तशी. भिंतीपलीकडे कोंबड्या ओरडायला लागल्या.

"म्हणजे अर्धंच मिळणार तर," जुमरद म्हणाली आणि तीही हसली.

"अर्धं पुष्कळ झालं," ओयशा आजी म्हणाली. "वाट्या आणा."

लग्न ठरलं. डॉक्टरने मस्तुराचे खुंट काढून टाकले, आता मला बसायला जागा नाही. ती मोकळ्या तोंडाने हसते. तिला ते मुळीच शोभत नाही असं मला वाटतं, पण डब्यात बसून ऐकतो. तुम्हाला एवढंच सांगणं: दात गेला तर जागा भरा, खुशाल भरा. पण ज्या शेजाऱ्यांच्या खांद्यावर मला बसवता, त्यांची रोज विचारपूस करा. आणि दुसऱ्याच्या तोंडातलं सोनं बघून त्याच्या घरची किंमत करू नका. ते कशापायी बसलं हे त्यालाच ठाऊक असतं.

परवा डबा उघडला. नफासतने मला चिमटीत धरलं. "आई, लग्नासाठी याचे कानातले करू या? वितळवून? छान होतील."

मस्तुराने धागा दुसऱ्या बाजूच्या दाताने तोडला.

"होसियतला विचारून ये," ती म्हणाली. "शेजारणीचं आहे ना ते."

नफासत गप्प बसली. अगदी जुमरदला हवी होती तशी.