घोरासुराच्या गुहेची मोजणी

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं प्रशांत म्हणतो. त्याचं काही मनावर घेऊ नका. तो माझा नवरा आहे, आणि खेळात त्याचं टोकन सगळ्यात आधी मरतं.

खेळ म्हणजे दर रविवारी सकाळी दहा ते बारा, इंटरनेटवर. मी गोष्ट रचते, नकाशा काढते. बाकीचे त्यावर आपापली टोकनं, म्हणजे सोंगट्या, घेऊन हिंडतात आणि राक्षसांशी लढतात. पुण्याहून अविनाश, अंबरपेठेतून प्रियदर्शिनी, आणि आमच्याच बरकतपुऱ्याच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीतून प्रशांत. सगळी गंमत नकाशात असते. मला तो अख्खा दिसतो. त्यांना टोकन पोचेल तेवढाच, बाकी काळाकुट्ट. पडदा कुठला आणि कधी उघडायचा हे माझ्या हातात. लग्न होऊन हैदराबादला आले त्याला तीन वर्षं झाली. ऑफिस कंपनीचं, घर सासऱ्यांचं, आणि भाजी कुठली करायची ते शेजारच्या इंदुताई ठरवतात. हे दोन तास तेवढे माझे होते.

आणि शुक्रवारी अविनाशचा फोन आला. स्पीकरवर होता, अख्ख्या घराला ऐकू गेला. "गौरे, हा रविवार शेवटचा. कुठंही गेलं तरी अंधार, मग मारामारी, मग परत अंधार. कंटाळा आला."

अविनाश गेला की खेळ बंद. उरलेल्या दोघांत काय खेळणार? मी स्वयंपाकघरात जाऊन चक्क रडले. मामंजी पाणी प्यायला आले तेव्हा कांदा चिरतेय म्हणून सांगितलं. त्यांनी टोपलीतल्या अख्ख्या कांद्यांकडे एकदा बघितलं, पाणी प्यायले आणि गेले.

मामंजी म्हणजे अप्पाराव, माझे सासरे. पस्तीस वर्षं सरकारी मोजणीदार होते, गावोगाव साखळी घेऊन लोकांची शेतं मोजली. त्यांचा अभिमान एकच, आणि तो आम्हाला रोज जेवताना ऐकावा लागतो. "आंब्याच्या करंड्या आल्या, धमक्या आल्या. पण कुणासाठी हद्द बोटभर सरकवली नाही."

शनिवारी सकाळी ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "हा कसला नकाशा? उत्तर कुठाय? प्रमाण कुठाय?"

"मामंजी, ही राक्षसाची गुहा आहे."

"मग? राक्षसाला दिशा नसत्यात?"

वैतागून मी त्यांच्या लॅपटॉपवर अख्खा नकाशा उघडून दिला आणि त्यात बदल करायची परवानगीही दिली. म्हटलं, काढा एकदाचा उत्तरेचा बाण. संध्याकाळी ते कोठीच्या बाजारात जाऊन त्याची टेबलाएवढी प्रत छापून घेऊन आले आणि पट्टी लावत बसले. परवानगी काढून घ्यायला मी विसरले. चूक माझी, कबूल आहे.

रविवारी तिघं गुहेच्या तोंडाशी पोचले. आत माझं सहा महिने जपलेलं गुपित होतं: चोरवाट, सापळा, आणि सगळ्यात आतल्या दालनात गावची गुरं खाणारा घोरासुर. मी आवाज खोल केला. "समोर मिट्ट काळोख..."

"अय्यो, काहीच दिसंना," प्रियदर्शिनी म्हणाली. "फुल परेशानी!"

हॉलमधून मामंजी गरजले. "का दिसंना? गावचा नकाशा गावालाच दाखवंनात? ही कोणती पद्धत?"

"मामंजी, कशाला हात लावू—"

लावला. 'सर्वांना दाखवा' असं एक बटण असतं. क्षणात काळोख गेला. चोरवाट उघडी, सापळा उघडा, आणि पालथा पडून घोरणारा घोरासुर तर ढळढळीत समोर.

अविनाश हसला. "मागून जाऊ, झोपेतच उडवू. पाच मिनिटांत संपलं. चला, मग मी निघतोच."

मला काय वाटलं ते छापण्यासारखं नाही. लॅपटॉप हिसकावून घ्यायला मी हॉलमध्ये धावले, तर मामंजी हात वर करून उभे. त्यांचा माइक चालू होता.

"थांबा! मोजणी झाल्याबिगर कुणी आत जायचं नाही. ही गुहा गावच्या गायरानात घुसलीय. सात चौकोन. चराईच्या जमिनीवर अतिक्रमण हे."

मी नकाशावरचे चौकोन मोजले. खरंच सात. गायरानाची रेघ मीच काढली होती, पण इतकी गुहेच्या आत? गाव आधी काढलं होतं, गुहा नंतर, चुकले असेन.

"मग मारायचा ना त्याला?" अविनाशनं विचारलं.

"मारता काय लगेच? लगतच्या खातेदाराला नोटीस दिल्याबिगर मोजणी होत नसती."

"लगतचा खातेदार कोण, अप्पाकाका?" प्रियदर्शिनी म्हणाली.

"हा काय, झोपलाय की."

घोरासुराला उठवून नोटीस देण्यात आली. राक्षसाचं बोलणं मीच बोलते, आणि त्या दिवशी मला राग आणायची गरज नव्हती. "चारशे वर्षं राहतोय मी इथं!" मी किंचाळले. "मला काढणारे तुम्ही कोण?"

"कबजा जुना आहे म्हणायलाय," मामंजींनी लिहून घेतलं. "पुरावा?"

"ही हाडं बघा!"

"हाडं कुणाची? गावच्या गुरांची. म्हंजे गुरं इथंच चरत होती. चराईची जमीन हे तूच कबूल केलंस बेटा."

मी कपाळावर हात मारला. घोरासुरानंही.

"एक मिनिट," अविनाश म्हणाला. खुर्ची पुढं ओढल्याचा आवाज आला. "तो अडाणी आहे, त्याला काय बोलायचं ते कळत नाही. राक्षसाचा वकील मी."

"अरे, तू आमच्यात आहेस!" आतल्या खोलीतून प्रशांत ओरडला.

"होतो."

पुढं नुसता धुमाकूळ. साखळीचं टोक धरून प्रशांतचं टोकन सापळ्यात पडलं आणि मेलं. मामंजी म्हणाले, मेलास तर मेलास, टोक सोडू नको. प्रियदर्शिनी पंच झाली आणि पंचनाम्यावर राक्षसाचा अंगठा मागू लागली. अंगठा कागदापेक्षा मोठा निघाला. ओल्या गुहेत साखळी गंजून लांबी बदलते का, यावर अविनाश वीस मिनिटं बोलला. बारा वाजले, एक वाजला, गॅसवरचं वरण करपलं. मी पोट धरून हसत होते, तेही घोरासुराच्या आवाजात.

शेवटी मामंजींनी फेरमोजणीचा हुकूम काढला आणि सुनावणीची तारीख दिली. "पुढची पेशी पुढच्या रविवारी, दहा वाजता."

मी हसायची थांबले. अविनाशचा हा शेवटचा रविवार होता.

"दहाला नाही जमणार," तो म्हणाला. "साडेदहा ठेवा. मला आधी अशिलाला पढवायचंय. आणि गौरे, ही केस वर्षभर तरी चालणार हां!"

सगळे गेल्यावर मी मामंजींची परवानगी काढून घ्यायला बसले. नकाशात कुणी काय बदललं याची साइटवर नोंद राहते. अप्पाराव: उत्तरेचा बाण काढला. अप्पाराव: प्रमाणपट्टी काढली. आणि खाली, शनिवार, दुपारी तीन. अप्पाराव: गायरानाची हद्द हलवली, सात चौकोन.

मी दोनदा वाचलं. मामंजी टेबलाशी बसून चष्मा पुसत होते.

"मामंजी, ती गायरानाची हद्द—"

"हरकत असंल तर अर्ज कर," ते वर न बघता म्हणाले. "पेशीला घेऊ."

परवानगी मी तशीच राहू दिली. जेवायला बसलो तेव्हा करपलेलं वरण त्यांनी दोनदा मागून घेतलं. आंब्याच्या करंड्यांची गोष्ट मात्र त्या दिवशी सांगितली नाही.